शेवटचा पुरुष

माझ्या वडिलांनी आयुष्यभर नाटकांतून आणि सिनेमांतून दारं उघडली. घराचा मालक, परदेशातून परतलेला भाऊ, रुसून बसलेला जावई ही कामं दुसऱ्यांची. बाबा दार उघडून ‘साहेब, आपल्याला भेटायला कोणीतरी आलंय’ एवढं सांगायचे आणि बाजूला व्हायचे. कधी पोस्टमन असायचे, कधी हवालदार, कधी ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन नुसती मान हलवणारे डॉक्टर. त्या एका वाक्यासाठी ते आठवडाभर आरशासमोर उभे राहत. पोटापाण्याला मात्र एका चष्म्याच्या दुकानातली नोकरी होती. तिथे मागच्या खोलीत यंत्रापाशी बसून ते काचा घासायचे आणि फ्रेमच्या मापाला आणायचे. त्यांच्या बाह्यांना कायम काचेची पांढरी भुकटी लागलेली असायची. त्यांचा स्वतःचा चष्मा इतका जाड होता, की तो काढला की ते एकदम कोणीतरी दुसरेच वाटायचे, लहान आणि वाट चुकलेले.

आई नर्स होती. तिची बहुतेक सगळी नोकरी पुरुषांच्या वॉर्डात गेली. ज्या पेशंटचा शेवट जवळ आलाय आणि ज्याच्याजवळ कोणी नाही, त्याच्यापाशी आमची आई बसणार, हे त्या वॉर्डात न सांगता ठरलेलं होतं. ड्युटी संपली असली तरी ती बसायची. अशा दिवशी घरी आली की आधी कोपरापर्यंत हात धुवायची, मग चहा घेऊन खिडकीशी बसायची आणि बराच वेळ कोणाशी बोलायची नाही. बाबांना ते येताक्षणी कळायचं. ते काही विचारायचे नाहीत, फक्त उठून रेडिओचा आवाज कमी करायचे.

सुट्टीच्या सकाळी टीव्हीवर जुने विज्ञानपट लागायचे. ते बघायचा नाद बाबांना आणि त्यांच्यामुळे मला. त्यातल्या त्यात बाबांच्या आवडीचा प्रकार म्हणजे पुरुषच नसलेल्या जगाचे सिनेमे. दूरच्या कुठल्यातरी ग्रहावर नुसत्या बायका राहतात, सगळ्यांच्या अंगात चंदेरी कपडे, सगळ्यांचे केस नुकतेच सेट केलेले. राणी कडक, पुरुष म्हटलं की डोळे वटारणारी. मग एक यान कोसळतं, त्यातून पृथ्वीवरचे तीन तरणेबांड गडी उतरतात, आणि तासाभरात राणीचा कडकपणा विरघळतो. एका सिनेमात त्या बायकांचं वीज बनवायचं यंत्र पिढ्यान्पिढ्या बंद पडलेलं होतं आणि पाहुण्या कप्तानाने एक स्क्रू पिळून ते चालू केलं. बाबा हसून हसून खोकायला लागले होते. आई तेव्हा पांढरे बूट घालत कामावर निघाली होती. ती दारातून म्हणाली, ‘‘आमच्या रात्रपाळीला या एकदा. पेशंट सोडले तर पुरुषांविना जग बघायला मिळेल. चंदेरी कपडे मात्र नाहीत.’’

बाबांची सत्तरी उलटल्यावर दुकानात एक तरुण मुलगी चष्मा दुरुस्त करायला आली. दांडी सैल झाली होती. बाबांनी स्क्रू बसवून दिला. ती चष्मा घालून बघायच्या ऐवजी बाबांच्याच तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, काका, तुम्ही कधी अभिनय केलाय का? असं विचारणाऱ्या माणसाची बाबा चाळीस वर्षं वाट बघत होते. त्यांनी तिथेच यंत्र बंद केलं आणि तिला आपल्या सगळ्या दारांची हकिकत सांगितली.

ती दिग्दर्शिका होती. तिचा पहिलाच मोठा सिनेमा. गोष्ट अशी, की एक साथ येते आणि जगातले सगळे पुरुष जातात. मागे राहिलेल्या बायका रडून भेकून झाल्यावर गाड्या चालवायला लागतात, धरणं सांभाळतात, शेतं पेरतात, भांडतात, चुका करतात. मग डोंगरातल्या एका हवामान केंद्रात एक म्हातारा जिवंत सापडतो. त्याला शहरातल्या इस्पितळात आणतात. तिथे तो मरतो. हा म्हातारा बाबांना करायचा होता.

‘‘संवाद किती आहेत?’’ आईने विचारलं.

‘‘एकही नाही,’’ बाबा म्हणाले. ‘‘बढती झाली माझी.’’

त्या दिवसापासून घरात त्यांचा रुबाब बघण्यासारखा होता. आईने पिशवी हातात दिली की म्हणायचे, जगात एकच पुरुष उरलाय आणि त्यालाही तू भाजी आणायला पाठवतेस. आई म्हणायची, एकच उरलाय म्हणून तर पाठवतेय, आणि येताना वाटेत गप्पा मारायलाही कोणी नाही, तेव्हा लवकर या.

मरणाचा सराव त्यांनी पलंगावर सुरू केला. पहिल्यांदा ते मेले तेव्हा छातीवर हात दाबला, डोळे फिरवले, मान एकीकडे टाकली. मी आणि आई दारात उभ्या होतो. आईला हसू आवरेना.

‘‘अहो, असं कोणी मरत नाही.’’

‘‘मग कसं मरतात ते सांग.’’

आई त्यांच्याजवळ बसली आणि तिने शिकवलं. आधी चादर चिवडतात म्हणाली, बोटांना कळत नाही काय करावं. श्वास लांब येतो, मग थांबतो. बघणाऱ्याला वाटतं संपलं. मग परत येतो, आधीपेक्षा उथळ. डोळे पूर्ण मिटत नाहीत. खालचा जबडा सैल पडतो, तो मुद्दाम पाडायचा नाही, आपण सोडून द्यायचा. हे सगळं ती इतक्या साध्या आवाजात सांगत होती, जणू पोळी कशी उलटायची ते सांगतेय. बाबा कामाच्या बाबतीत हट्टी. दुपारची झोप सोडून त्यांनी ते घोटलं. एका दुपारी दोन श्वासांच्या मधली फट त्यांनी इतकी लांबवली, की आई एकदम ‘‘पुरे’’ म्हणाली. बाबांनी एक डोळा उघडला आणि घाबरलीस का विचारलं. मी कशाला घाबरते, असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने उगाचच भांडी जागची हलवली.

शूटिंग झालं. बाबा घरी आले तेव्हा कानामागे मेकअप राहिला होता. सेटवरच्या सगळ्या बायका रडल्या, असं त्यांनी सांगितलं. जेवायला उशीर झाला असेल म्हणून रडल्या असतील, असं आई म्हणाली. पण ती खूश होती. बाबांचा चेहरा पडदाभर दिसणार, याची वाट ती त्यांच्याहून जास्त बघत होती. तिने फोन करून तिच्या जुन्या मैत्रिणींना सांगितलं, आणि वर असंही सांगितलं की मरण मी शिकवलंय.

सिनेमा तयार व्हायला वेळ लागत होता. मधल्या काळात बाबांना धाप लागायला लागली. छातीत पाणी झालं. आई जिथे नोकरीला होती त्याच इस्पितळात, तिच्याच वॉर्डात त्यांना ठेवलं. नव्या नर्सेस आईला सिस्टर म्हणायच्या आणि ती बसली असली की उभं राहूनच बोलायच्या. ती दिवसरात्र तिथे होती. एका सकाळी बाबा म्हणाले, माझा चष्मा कुठाय? तो घरी राहिला होता, घाईत आणताना पलंगाजवळच्या टेबलावर. आई चष्मा आणायला घरी गेली. मी कामावरून थेट इस्पितळात पोहोचले तेव्हा पडदा ओढलेला होता. आई माझ्यानंतर आली. हातात चष्म्याची डबी होती. तिने पडद्याकडे पाहिलं, तिथल्या नर्सला वेळ विचारली आणि डबी पर्समध्ये ठेवली.

आई रडली नाही. तिने नेहमी परक्यांचं करायची तसं सगळं नीट केलं. भेटायला येणाऱ्यांना तीच पाणी द्यायची, समजूत घालायची. दिग्दर्शिकाही येऊन गेली. पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसली, काहीतरी बोलायला आल्यासारखी दोनदा तोंड उघडून गप्प झाली आणि न बोलताच उठली. मला वाटलं दुःखाने. आई तिला दारापर्यंत सोडायला गेली आणि म्हणाली, सिनेमा लागला की कळव, मी पहिल्या दिवशी येणार. त्या पोरीने मान हलवली.

मी काही महिन्यांसाठी माझं सामान घेऊन आईकडे राहायला आले होते. आमच्या घरातही आता बायकाच होत्या, दोन. आई रोज एखादं काम काढायची, कपाट आवरायची, पडदे धुवायची. मी काही बोलायला गेले की म्हणायची, सिनेमा लागू दे. जणू तोवर बाबा कुठेतरी बाहेरगावी आहेत आणि सिनेमा लागला की भेटणार आहेत.

सिनेमा लागला. चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी हौसेने तिकिटं काढली, मधल्या रांगेतली. आईने इस्त्रीचे कपडे घातले. पर्स मांडीवर घट्ट धरून ती बसली. सिनेमा चांगला होता, हे मी आजही म्हणेन. त्यातल्या बायका खऱ्या होत्या. एक बस ड्रायव्हर होती, एक धरणावरची इंजिनियर, आणि एक मुलगी जिला बाप आठवतही नव्हता. दुकानाचे मालक थोड्या थोड्या वेळाने आईकडे वाकून कुजबुजायचे, आता येतील बघा. आई मान डोलवायची. पडद्यावर डोंगर दिसला. आई पुढे सरकून बसली. डोंगरात हवामान केंद्र दिसलं, त्याचं गंजलेलं दार दिसलं. बस ड्रायव्हरने दार ढकललं. आत रिकामी खाट होती, धूळ होती, भिंतीवर टांगलेला एक कोट होता. ती थोडा वेळ उभी राहिली आणि दार लोटून परत फिरली. पुढच्या चित्रात बायका शेत पेरत होत्या.

मालक परत काही कुजबुजले नाहीत.

शेवटी नावं आली. आई उभी राहून वाचत होती, मागचे लोक बाजूने वाट काढत होते. बाबांचं नाव आभाराच्या यादीत होतं, दोन वाहनचालकांच्या आणि एका शाळेच्या मधे. दिवे लागले. आईने मालकांना सांगितलं, तिकिटं फार चांगल्या जागेची होती. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, की आपली काही चूक झाली असेल, डोळा लागला असेल मधे. मी म्हटलं, नाही आई, डोळा नाही लागला.

मी दिग्दर्शिकेला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. ती ऐकत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, मी त्या दिवशी तुमच्याकडे हेच सांगायला आले होते, माझी हिंमत झाली नाही. मग म्हणाली, काकूंना घेऊन या, कापलेलं सगळं ठेवलंय, त्यांना दाखवते. मला आईला न्यायचं नव्हतं. पण फोन चालू असताना ती दारात उभी होती. तिने विचारलं, कधी बोलावलंय?

संकलनाची जागा एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. खोलीला खिडकी होती पण तिला काळं कापड लावलेलं. संगणकाचे दोन मोठे पडदे, टेबलावर चहाचे अर्धे कप, एक मोडका सोफा. एडिटर मध्यम वयाचा, मऊ आवाजाचा माणूस होता. आई आत येताच तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘काकांना मी कधी भेटलो नाही. पण वर्षभर रोज बघत होतो.’’ आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि सोफ्यावर बसली.

दिग्दर्शिकेने आधी कारण सांगितलं. ती नजर चुकवत नव्हती. म्हणाली, ‘‘काकू, प्रसंग वाईट झाला म्हणून नाही काढला. फार चांगला झाला म्हणून काढला. आम्ही काही लोकांना सिनेमा दाखवला. बाहेर आल्यावर सगळे त्या म्हाताऱ्याबद्दलच बोलत होते. कोणी माझ्या बायकांबद्दल एक शब्द बोलेना. बायकांचे असले जेवढे सिनेमे मी लहानपणापासून बघितले, त्या सगळ्यांत शेवटी एक पुरुष येतो आणि सगळं त्याचं होऊन जातं. मला तेच नको होतं. आणि काका आले आणि तेच झालं, नुसते झोपून राहिले तरी.’’

आई म्हणाली, ‘‘त्यांना सांगितलं असतंस तर ते आठवडाभर हवेत असते.’’

एडिटरने दिवा घालवला आणि चित्र सुरू केलं. इस्पितळाची खोली, पांढरी खाट, आणि खाटेवर बाबा. चष्मा नव्हता. दिग्दर्शिकेनेच काढायला लावला होता. डॉक्टर झालेली नटी त्यांचा हात धरून बसली होती. बाबांची बोटं चादर चिवडायला लागली. श्वास आला, थांबला. आमच्याही खोलीत कोणी हललं नाही. मग परत आला, उथळ. आईने शिकवलं होतं त्यातलं काही म्हणून त्यांनी सोडलं नव्हतं. जबडा सुटला. डोळे अर्धे उघडे राहिले. पडद्याबाहेरून दिग्दर्शिकेचा आवाज आला, कट. आणि बाबा उठून बसले.

ते उठून बसले आणि हवेत चाचपडत म्हणाले, ‘‘माझा चष्मा?’’ कोणीतरी दिला. तो नाकावर चढवून ते नटीकडे बघून हसले आणि म्हणाले, माझा हात जड आहे, तुला रग लागली असेल.

मी आईकडे बघितलं. ती हसत होती, अंधारात तिचे दात दिसले. ‘‘पुढचा,’’ ती म्हणाली.

पुढचा लावला. बाबा परत मेले आणि परत उठले. त्याच्या पुढच्यात त्यांना मधेच शिंक आली आणि ते सगळ्यांची माफी मागत बसले. एकात दिव्याची काच फुटली. प्रत्येक वेळी कट झालं की ते उठायचे, चष्मा मागायचे आणि काहीतरी बोलायचे. एडिटर कटनंतरचं बंद करायला गेला की आई म्हणायची, राहू दे, ते पण दाखव. मला कळलं की ती मरण बघत नव्हतीच. मरण तिने पुष्कळ बघितलं होतं. ती उठायची वाट बघत होती.

मग एका वेळी कॅमेरा बंद करायचा राहिला असावा. दिव्यांची काहीतरी जुळवाजुळव चालली होती. बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते, नटी शेजारी चहा पीत होती. तिने त्यांना विचारलं, काका, दिवसभर असं मरायचं म्हणजे मनात काही येत नाही का, भीती वगैरे?

बाबा म्हणाले, ‘‘छे. आमच्या घरी सिस्टर आहे. जगातल्या सगळ्या परक्या माणसांच्या उशाशी बसलीय ती. माझ्या वेळी तर असणारच की. मला काय, नुसतं पडून राहायचंय.’’

आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

एडिटरचा हात बटणाकडे गेला पण फार उशीर झाला होता. दिग्दर्शिकेने तोंडावर हात ठेवला. मला वाटतं, ते वाक्य तिने आजवर कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. प्रसंगाबाहेरचं बोलणं, कोण ऐकतं. मी आईचा हात धरायला गेले, तिने तो पर्सखाली सरकवला.

‘‘जरा मागे घे,’’ ती एडिटरला म्हणाली.

त्याने दिग्दर्शिकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘आई, नको,’’ मी म्हटलं.

‘‘मागे घे रे बाळा.’’

बाबा परत म्हणाले, माझ्या वेळी तर असणारच की. परत चहाचा घोट घेतला. आईने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मग बंद करायला सांगितलं. एडिटरने दिवा लावला. कोणाला कोणाकडे बघवेना. दिग्दर्शिका म्हणाली, की ती हा प्रसंग परत घालू शकते, सिनेमाची लांब आवृत्ती निघेल तेव्हा. तसं कबूल करते. आई नको म्हणाली.

‘‘तुझा सिनेमा बरोबर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तू सगळे एकदम नेलेस. सगळे गेले की बायकांना कामाला लागावंच लागतं, बसायला वेळ कुणाला आहे. एकच नेला असतास तर तुझ्याच्याने सिनेमा पुढे नेववला नसता.’’ मग ती उठली आणि एडिटरला विचारलं, हे नेमकं कुठे होतं, म्हणजे कशाच्या नंतर. त्याने सांगितलं, ती बस ड्रायव्हर केंद्राचं दार ढकलते त्याच्यानंतर. आधी तिथे ती रिकामी खाट नव्हतीच, ती नंतर घेतली. दार उघडायचं तेव्हा आत काका असायचे.

बसमध्ये आम्हाला मागे जागा मिळाली. बाहेर दुकानं बंद व्हायच्या आधीची गर्दी होती. बराच वेळ आई खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, तुला काय माहीत होतं, तू चष्मा आणायला गेली होतीस, त्यांनीच मागितला होता. असं व्हायचं कोणाच्या हातात नसतं. नातेवाईक बोलतात ते सगळं मी बोलले.

‘‘मला माहीत होतं,’’ आई म्हणाली.

मी तिच्याकडे वळले.

‘‘सकाळीच कळलं होतं. नखांवरून कळतं. पाय गार पडले होते. चादर चिवडत होते. दुसऱ्या कोणाची आई किंवा बायको असती तर मी तिला सांगितलं असतं, आता जागची हलू नकोस.’’ ती थांबली. बस सिग्नलला उभी राहिली. ‘‘त्यांनी चष्मा मागितला. आणि माझ्या मनात काय आलं माहितीये? म्हटलं, चष्म्याशिवाय हे आजवर आपल्या पायांनी कधी उंबऱ्याबाहेर गेले नाहीत. दुकानाला विसरले तर अर्ध्या रस्त्यातून परत यायचे. मी चष्मा आणीपर्यंत ते कुठेही जायचे नाहीत. एवढी वर्षं नोकरी केली मी त्या वॉर्डात, आणि मला हे अगदी खरं वाटलं गं. म्हणून मी सावकाश गेले. घरी जाऊन काच पुसली. चहासुद्धा केला. जेवढा उशीर करीन तेवढे ते थांबतील, असं वाटत होतं.’’

मी तिला जवळ घ्यायचा प्रयत्न केला. तिने घेऊ दिलं, पण ती लाकडासारखी ताठ होती. आमचा थांबा आला तेव्हा तीच मला म्हणाली, उतर, की पुढे जायचंय?

त्यानंतर आई दुपारच्या खेळाला जायला लागली. मला आधी पत्ता नव्हता. मी कामावर असायची. तिच्या पर्समध्ये मला तिकिटांचे तुकडे दिसले तेव्हा कळलं. मी विचारलं, तर म्हणाली, चांगला सिनेमा आहे, दुपारी गर्दी नसते. एका दुपारी मी तिच्याबरोबर गेले. थेटर जवळजवळ रिकामं होतं. आई नेहमीच्या जागेवर जाऊन बसली, कडेच्या. डोंगर आला, गंजलेलं दार आलं. बस ड्रायव्हरने दार ढकललं तेव्हा मी पडद्याऐवजी आईकडे बघितलं. तिने डोळे मिटले होते. ओठ किंचित हलत होते, मनात काहीतरी मोजत असल्यासारखे, श्वास आणि मधली फट. पडद्यावर बायका पेरणीला लागल्या, बी मातीत पडायला लागलं, बस ड्रायव्हर आणि इंजिनियरचं पाण्यावरून भांडणही झालं, तरी तिने डोळे उघडले नाहीत. तिच्या हिशेबात बाबांचं अजून चाललेलं होतं. खूप वेळाने तिने डोळे उघडले आणि बाकीचा सिनेमा नीट बघितला.

मी तिला अडवलं नाही. दिग्दर्शिकेला कळवलं, ती फोनवर रडली. सिनेमा तसा फार चालला नाही. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं आणि लोकांनी पाठ फिरवली. तरी दुपारचा एक खेळ काही दिवस टिकला.

एका संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात नव्हती. ती बाहेरचे कपडे न बदलता पलंगावर, बाबांच्या बाजूला बसली होती. डोळे सुजलेले, नाक लाल. मी घाबरून शेजारी बसले.

‘‘उतरला,’’ ती म्हणाली. ‘‘आज गेले तर पोस्टर काढत होते. खिडकीवरचा माणूस ओळखतो आता. म्हणाला, बाई, तो गेला, दुसरा लागलाय, विनोदी आहे, बघा हसाल. एवढ्या लांब आले होते तर घेतलं तिकीट.’’

‘‘मग?’’

‘‘पडद्यावर काय चाललंय ते कळलंच नाही मला. नुसते पुरुष इकडून तिकडे धावत होते, पडत होते, उठत होते.’’ तिने पदरासारखं ओढणीचं टोक घेऊन नाक पुसलं. ‘‘रडले मी. सुरुवातीपासून ते दिवे लागेपर्यंत, मोठ्याने. सगळं थेटर भरलेलं होतं. पण लोक इतके हसत होते ना, बरं झालं. कोणाला ऐकू गेलं नाही.’’